श्रीलंकेचे डोंगर, खान्देशी सायकली: माउंटन बायकिंगला जाणाऱ्यांसाठी धागा

गिरणाकाठ (जळगाव)

रामराम मंडळी. फेब्रुवारीत आमची मित्रमंडळी माउंटन बाइक घेऊन श्रीलंकेला जाऊन आली. फोटो टाकल्यापासून फोनवर तेच तेच प्रश्न येताहेत, म्हटलं धागाच काढू. जे गेलेत त्यांनी भर घालावी, जायचंय त्यांनी बिनधास्त विचारावं. फक्त "सायकल केवढ्याची" हे विचारू नका, घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

मार्ग थोडक्यात असा. कँडीहून नकल्स डोंगररांगेकडे, म्हणजे हुन्नसगिरिया, कॉर्बेट्स गॅप आणि खाली मीमुरे गाव. मग नुवारा एलिया, हकगला, वेलिमडा, हपुतले, लिप्टन्स सीट (मळ्यांच्या माथ्यावरची देखावा बघायची जागा), एल्ला. शेवटी एल्ल्याहून वेल्लवायाकडे उतरलो. बसगाड्यांच्या गर्दीचे रटाळ टप्पे सायकली व्हॅनमध्ये टाकून उरकले.

सगळे विचारतात, चढ किती? चढाचं काही नाही हो. नुवारा एलिया १८६८ मीटरवर आहे, तिथला पिदुरुतलागल २५२४ मीटरचा, लंकेतला सर्वांत उंच डोंगर. आकडे ऐकून धडकी भरते, पण चहाच्या मळ्यांतले रस्ते वळसे घेत चढतात. हलका गिअर टाकायचा आणि पाय फिरवत राहायचं. एप्रिल-मेच्या उन्हात ज्यानं जळगाव ते सातपुड्यातलं पाल केलंय, त्याला तो चढ घाबरवत नाही.

कस लागतो तो उतारावर. आपण तापीच्या खोऱ्यातली माणसं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधे सगळं सपाट काळं रान. पायांत दम असतो, हातांना उतार माहीत नसतो. कॉर्बेट्स गॅपहून मीमुऱ्याकडे उतरताना एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, डांबर जागोजागी उखडलेलं, मधेच सिमेंटचा तुकडा आणि त्यावर ओला पाला. आमच्यातला सगळ्यात तगडा गडी, जो चढावर सगळ्यांना धूळ चारायचा, तो तिथं सगळ्यात मागे पडला. दोन्ही ब्रेक आवळून उतरला, संध्याकाळी त्याला ताटातला घास नीट उचलता येईना, इतके हात कापत होते. आणि आमचे मास्तर, चढावर धापा टाकणारे, ते खाली पोचून केशरी सालीचं शहाळं पीत बसले होते. फरक एवढाच की मास्तर हिवाळाभर तोरणमाळच्या घाटात उतरायचा सराव करून आले होते.

तेव्हा जाणाऱ्यांना माझं सांगणं एकच. उतार शिकून जा. बाकी सगळं तिथं जाऊन जमतं.

अहिराणीभो (साक्री)

खरं शे भो. चढ कोनीबी चढी जास, उतरताना मात्र माय याद येस.

चेनलिंक (धुळे)

गिरणाकाठ भाऊ, तुमच्या तगड्या गड्याच्या सायकलचे ब्रेक पॅड कोणते होते? रेझिनचे असणार, पैज लावतो.

दुकानात रोज बघतो. पोरं महागडी फ्रेम घेतात, फोर्कवर तासभर चर्चा करतात आणि ब्रेक पॅड कंपनीनं दिलेलेच ठेवतात. रेझिनचा पॅड आवाज करत नाही, दाबायला मऊ लागतो, पण चिखलपाण्यात भराभर झिजतो आणि लांब उतारावर तापला की दगा देतो. धातूमिश्रित पॅड थोडा किंचाळतो, पण ओल्यात आणि तापल्यावरही धरतो. लंकेसारख्या ठिकाणी तोच टाकायचा आणि एक जोडी खिशात.

दुसरं म्हणजे सवय. ब्रेकचा लिव्हर धरून ठेवायचा नाही. सतत दाबला की रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, तव्यासारखा तापतो, पॅडचा पृष्ठभाग चकाकतो आणि मग कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. वळणाच्या आधी जोरात दाबायचा, वेग मारायचा, वळणात सोडून द्यायचा, पुढच्या वळणाआधी पुन्हा. मधल्या वेळात रोटरला हवा लागते. थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. आपल्याकडे लहानपणापासून "पुढचा दाबू नको, उलटशील" असं बिंबवलेलं असतं, त्यामुळे सगळा भार मागच्यावर, आणि मागचं चाक घसरतच खाली जातं. मोकळ्या खडीवर पुढचा हलक्या हातानं हवा, हे खरं. पण हवाच.

लिव्हरवर एकच बोट. बाकीच्या बोटांनी हँडल धरायचं. दोन-तीन बोटं लिव्हरवर ठेवणाऱ्याचे हात संध्याकाळी कापणारच.

गिरणाकाठ (जळगाव)

पैज जिंकलात. रेझिनचेच होते, आणि एल्ल्यापर्यंत पोचेतो पाठीमागचं लोखंड दिसायला लागलं होतं.

केळीबाग (रावेर)

भाऊ, राग मानू नका. आमच्या शेताच्या बांधावरून सातपुडा दिसतो. पालला सुकी धरण आहे, वर जंगल आहे, थंडीत सकाळी धुकंही असतं. हे सोडून समुद्र ओलांडून लंकेत सायकल चालवायला जायचं म्हणजे हौसेला मोल नाही. तिथं जाऊन शेवटी केळीच बघितली ना?

गिरणाकाठ (जळगाव)

केळी बघितली, आणि तुमची आठवणही काढली. तिथं पिवळी, तांबडी, बोटाएवढी अशा कितीतरी जातींचे घड दुकानाबाहेर टांगलेले असतात, आणि रस्त्याकडेला केळं घेताना आमच्यातला रावेरचा माणूस घड उलटासुलटा करून दुकानदाराला मशागत समजावत होता.

पण प्रश्न रास्त आहे. सातपुड्यात काय कमी आहे? निसर्गात काहीच नाही. कमी आहेत त्या वाटा. सातपुड्यात एक तर डांबरी घाट, नाहीतर पायवाट. मधलं काही फारसं नाही. लंकेच्या डोंगरात हे मधलंच मुबलक आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तिथं जंगल तोडून कॉफी लावली. १८६९ मध्ये कॉफीवर तांबेरा आला आणि पुढच्या काही वर्षांत मळेच्या मळे बसले. त्याआधी दोन वर्षं, १८६७ मध्ये, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसानं कँडीजवळच्या लूलकंदेरा मळ्यात १९ एकरांवर चहा लावला होता. कॉफी गेली तशी सगळी डोंगररांग चहाखाली आली. आता खुडलेली पानं लगोलग कारखान्यात पोचवावी लागतात, म्हणून प्रत्येक उतारावर अरुंद, वळसे घेणारे, गाडी जाईल एवढ्याच चढाचे रस्ते कोरले गेले. ते आजही आहेत. काही डांबरी, बरेचसे खडीचे. माउंटन बाइकला याहून चांगलं काय हवं? हपुतल्याजवळचा डंबटेन कारखाना थॉमस लिप्टननं १८९० मध्ये बांधला. तिथून लिप्टन्स सीटपर्यंतचा सातेक किलोमीटरचा रस्ता सगळा मळ्यांतून जातो. आम्ही अंधारातच निघालो, कारण उजाडल्यावर थोड्याच वेळात ढग वर येतात आणि मग समोरचा माणूससुद्धा दिसत नाही.

आणखी एक. हे मळे म्हणजे कुणाची तरी रोजची कामाची जागा आहे. पानं खुडणाऱ्या बायका बहुतेक तमिळ, इंग्रजांनी तमिळनाडूतून आणलेल्या मजुरांच्या वंशातल्या. अजूनही कित्येक कुटुंबं मळ्यांतल्या चाळींसारख्या जुन्या खोल्यांत राहतात. पाठीवर भरलेली पोती घेऊन बाया वळणावरून येत असतात. तिथं सुसाट जाऊ नका. आमच्या मास्तरांनी थांबून "वणक्कम" म्हटलं की हसून वाट देत.

केळीबाग (रावेर)

हे पटलं. वाटांचं म्हणणं बरोबर आहे. तरी आधी सातपुडा, मग लंका, एवढंच म्हणतो.

सातपुडा_प्रेमी (शहादा)

केळीबाग दादांचा मुद्दा उचलून तोरणमाळबद्दल लिहितो, सराव करणाऱ्यांना उपयोगी पडेल.

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर असं करत जायचं. शहादा ते तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर धरा. पायथ्यापर्यंत केळी, पपई, ऊस, कापूस. सातपायरी घाट लागला की खरी मजा. वर यशवंत तलाव, सीताखाईची दरी, गोरखनाथाचं देऊळ. पठार हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे खाली घाम आणि वर स्वेटर अशी गंमत होते.

आता सरावाचं. पहिल्यांदा चढून जाऊच नका. सायकली गाडीत टाकून वर न्या आणि फक्त उतरा. थकलेल्या अंगानं उतार शिकता येत नाही, हे माझं ठाम मत. सीट दोन-तीन इंच खाली घ्या. पेडल आडवे, दोन्ही पाय एका पातळीत. बूड सीटवरून उचललेलं, गुडघे-कोपरं सैल. नजर चाकासमोर नाही, वळण जिथं संपतं तिथं. सायकल नजरेमागं जाते. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाणार.

महाशिवरात्रीच्या यात्रेच्या दिवसांत जाऊ नका, घाटात गाड्याच गाड्या असतात. रविवारी दुपारीही नको. पठारावरच्या पाड्यांमधून जाताना भिल्ल-पावरा लोकांच्या अंगणांतून, शेतांतून वाट असते. विचारून जावं. कुणी नाही म्हणत नाही, उलट पाणी देतात. पण कोंबड्या-बकऱ्यांच्या अंगावर सायकल घातली तर पुढच्या सायकलवाल्याला शिव्या बसतात. आणि जंगलातल्या आतल्या वाटांना वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नका. यावल अभयारण्यात तर नाहीच नाही.

नवीन_पेडल (चाळीसगाव)

दादा, तोरणमाळ आम्हाला लांब पडतं. इकडे औट्रम घाट जवळ आहे. तिथं सराव चालेल का?

सातपुडा_प्रेमी (शहादा)

औट्रम घाटात? अजिबात नको. तो गाड्यांच्या वर्दळीचा रस्ता आहे, कन्नडकडून उतरणारी वाहनं वळणावर अख्खा रस्ता घेतात. तुम्हाला पाटणादेवी आहे ना. तिकडच्या गावरस्त्यांवर खडीवर वळायचं शिका, उंची कमी असली तरी हरकत नाही. वर गौताळा अभयारण्य आहे, तिथले नियम पाळा. परत येताना पाटणादेवीच्या देवळाशी थांबा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख तिथं सापडला, हे सायकलवाल्यांना माहीत नसतं.

डॉक्टरीण (भुसावळ)

सगळे सायकलबद्दल लिहिताय, थोडं अंगाबद्दल लिहिते.

"आम्ही भुसावळच्या उन्हात चालवतो, आम्हाला गरमी काय शिकवता" असं म्हणणारे रुग्ण मी पाहिलेत. आपलं ऊन कोरडं असतं. घाम आला की लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. लंकेच्या सखल भागात तापमान आपल्यापेक्षा दहा अंशांनी कमी असलं तरी हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, नुसता गळतो. अंग थंड होत नाही, पाणी आणि मीठ मात्र जातं. म्हणजे तीस-बत्तीस अंशांतही माणूस आडवा होऊ शकतो. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून ते आणखी पितात. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्यात नाही, असं घ्या. उच्च रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

उलट नुवारा एलियाला रात्री कडाक्याची थंडी असते, फेब्रुवारीत कधीमधी दहिवरही गोठतं. तेव्हा "लंका म्हणजे समुद्र, म्हणजे उकाडा" असं समजून नुसत्या बंड्या नेऊ नका.

जळवांबद्दल कुणी लिहिलं नाही. नकल्समध्ये चावल्या असतीलच.

गिरणाकाठ (जळगाव)

चावल्या म्हणजे काय डॉक्टर! एकाच्या मोज्यातून पाच निघाल्या. एकानं मीठ टाकलं, एकानं काडी ओढायला घेतली, नुसता गोंधळ.

डॉक्टरीण (भुसावळ)

मीठ आणि काडी दोन्ही नको. त्यानं जळू पोटातलं जखमेत ओकते आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. तिच्या निमुळत्या टोकाशी, जिथं तोंड असतं तिथं, नख घालून बाजूला सरकवायचं, सुटते. मग जखम साबणानं धुवा. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे नंतर बराच वेळ रक्त झिरपत राहतं. कापूस दाबून धरा, घाबरू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र ओल्या जंगलात जाण्याआधी विचार करावा. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आठवतंय का कधी घेतलं? नसेल आठवत तर घेऊन टाका, सायकलवरून पडणारच आहात.

माहेरवाट (चोपडा)

आमच्याकडे दोघी-तिघी तयार आहेत, पण घरचे विचारतात बायकांना ठीक आहे का. तुमच्यात कुणी ताई होत्या का? खरं सांगा, गोड गोड नको.

वाघूर (जामनेर)

मी होते ताई, मी लिहिते.

रस्त्यावर त्रास झाला नाही. लोक बघतात, पण आपल्याकडच्यासारखंच, "कुठून आलात" म्हणून. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे तो गोंधळ नाही. त्रास कशाचा तर खासगी बसवाल्यांचा. वळणावर ओव्हरटेक करतात, हॉर्न कानाशी. मुख्य रस्त्यावर एकेकट्या चालवू नका.

कपड्यांचं असं की सायकलची चड्डी घालून देवळात जाऊ नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चप्पल बाहेर, टोपीही बाहेर. मी एक लुंगीसारखं फडकं सॅकमध्ये ठेवलं होतं, ते देवळात, कपडे बदलताना आणि एकदा पंक्चर काढताना खाली अंथरायला, सगळीकडे कामाला आलं. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, त्यांना ते फार लागतं. स्वच्छतागृहांची सोय चहाच्या कारखान्यांच्या दुकानांत चांगली असते. एक कप चहा घ्यायचा आणि काम उरकायचं. नकल्समध्ये मात्र गावातल्या मुक्कामाच्या घरीच.

जेवणाचं विचाराल तर भात, भात आणि भात. सोबत चार-पाच भाज्या, डाळ, पापड. सकाळी तांदळाच्या शेवया किंवा आप्पे म्हणतात तसे वाटीसारखे पातळ घावन, ओल्या खोबऱ्याचा पोळ सांबोळ, आणि लुणुमिरिस म्हणजे कांदा-मिरचीचा ठेचाच. पण शाकाहारी असाल तर सांभाळा. पोळ सांबोळ आणि लुणुमिरिसात सुक्या माशाची भुकटी घालतात, ती दिसत नाही. आधीच सांगावं लागतं. माझ्या जाऊबाई सोबत असत्या तर पहिल्याच दिवशी परतल्या असत्या. म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही आणि त्यावर किथुल माडाचा काकवीसारखा पाक, ते मात्र रोज खाल्लं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मंडळींना शेवभाजी आठवायला लागली. मी कळण्याचं पीठ नेलं होतं. मीमुऱ्यात ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशींच्या चुलीवर भाकरी थापल्या. त्यांना आवडली का माहीत नाही, पण त्यांच्या मुलानं तीन खाल्ल्या.

आणि हो, दर पौर्णिमेला तिथं पोयाची सरकारी सुटी असते, दारू मिळत नाही. आमच्यातल्या काहींना हे फार उशिरा कळलं. नावं घेत नाही.

अहिराणीभो (साक्री)

नावं घेवानी गरज नही ताई, बठ्ठासले माहीत शे.

नवीन_पेडल (चाळीसगाव)

रावणाचं काही बघितलं का?

वाघूर (जामनेर)

एल्ल्याला रावणाचा धबधबा आहे, अगदी रस्त्याला लागून, आणि गुहाही आहे. नुवारा एलियाजवळ सीता अम्मनचं देऊळ आहे, अशोकवन तिथंच होतं म्हणतात. नकल्समध्ये लाकेगल नावाचा टोकदार सुळका आहे, तिथंही रावणाची गोष्ट सांगतात. मी त्यांना सांगितलं, आमच्या चोपड्याकडे उनपदेवला रामानं बाण मारून गरम पाणी काढलं आणि सातपुड्यात अस्तंब्याच्या शिखरावर अश्वत्थामा अजून फिरतो. गाइडनं ते वहीत लिहून घेतलं.

जुनाखोंड (नंदुरबार)

एक विचारू? व्हॅन घेतली, सायकली व्हॅनमध्ये टाकल्या, मग माउंटन बायकिंग कसलं? आमच्या काळात नंदुरबारहून नाशिकला सायकलनं जायचो, गिअर नाही, काही नाही.

गिरणाकाठ (जळगाव)

काका, तुमच्या पायांना नमस्कार. पण माउंटन बायकिंग आणि लांब पल्ल्याची सायकलवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हाला डोंगरातल्या वाटा हव्या होत्या, बसच्या धुरात चाळीस किलोमीटर नको होते. रोजची सकाळ ताजी मिळावी म्हणून व्हॅन. शिवाय वर्ल्ड्स एंडला, हॉर्टन प्लेन्समध्ये, सायकल लांबच ठेवून पायीच फिरलो. नऊ-साडेनऊ किलोमीटरची फेरी, कड्यावरून खाली बघितलं की साडेआठशे-नऊशे मीटर सरळ पोकळी. तिथं तर गाडीनं पोचणंच बरं.

रोकडा (अमळनेर)

सायकल इथून नेली की तिथं भाड्यानं? विमानात कशी नेली? जळगावहून मुंबईपर्यंत कशी?

गिरणाकाठ (जळगाव)

दोघांनी नेल्या, बाकीच्यांनी कँडीत भाड्यानं घेतल्या. जळगाव ते मुंबई पिकअप केला, सगळ्यांमध्ये वाटून परवडलं. रेल्वेनं न्यायचं तर पार्सलचं आधी विचारा आणि खोक्यावर नाव-नंबर ठळक लिहा.

विमानासाठी सायकल दुकानातून पुठ्ठ्याचं रिकामं खोकं मागून आणा. पेडल काढा (डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, नाहीतर जोर लावून लावून आटे घालवाल), हँडल फिरवून फ्रेमला बांधा, पुढचं चाक काढा. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा घाला. प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. गॅसच्या सिलिंडर-नळ्या नेऊ नका, हातपंप न्या. पॉवर बँक आणि लाइटच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत.

एवढं करूनही विमान कंपनीनं (कुठली ते सोडा) एक खोकं असं आपटलं की मागच्या गिअरचा हँगर वाकून आला. हँगर म्हणजे डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) फ्रेमला जिथं जोडलेला असतो तो छोटा तुकडा. तो मुद्दाम मऊ बनवतात, म्हणजे फ्रेमऐवजी तो वाकतो. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, कँडीत काय, मुंबईतही पटकन मिळत नाही. मास्तरांनी नशिबानं जादा आणला होता.

चेनलिंक (धुळे)

भाड्याच्या सायकलवर माझा भरवसा नाही. स्वतःची सायकल अंगवळणी पडलेली असते, ब्रेक कुठे धरतो ते बोटाला माहीत असतं. तुम्ही उतारावर एवढं लिहिलंत आणि भाड्यानं घ्या म्हणताय?

वाघूर (जामनेर)

मी भाड्याची घेतली, दादा. घेण्याआधी रिकाम्या उतारावर पंधरा मिनिटं चालवून बघितली, एकदा नाकारली, दुसरी घेतली. सीटची उंची, लिव्हरचं अंतर स्वतः लावून घेतलं. फुल सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकांना धक्के झेलणारी, मिळाली, जी मी घरी कधीच घेतली नसती. ज्यांच्याकडे साधी हायब्रिड (रस्त्याची आणि डोंगराची यांच्या मधली सायकल) आहे त्यांनी ती नेण्यापेक्षा भाड्यानं घेणंच शहाणपणाचं.

चेनलिंक (धुळे)

हायब्रिडबद्दल मान्य. बाकी मतभेद कायम.

रोकडा (अमळनेर)

दिवाळीत सुटी आहे. तेव्हा जमेल का?

गिरणाकाठ (जळगाव)

नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरला मोसम पालटतो, दुपारी धो धो पाऊस असतो, नंतर ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस डिसेंबर-जानेवारीपर्यंत नकल्सच्या पूर्व अंगावर पडत राहतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस, तो पश्चिमेकडचा डोंगर झोडपतो. दोन्ही चुकवायचे तर जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च. डोंगरात दरडी कोसळण्याचे इशारे तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था देत असते, निघण्याआधी बघायचे. ईटीएचा, म्हणजे लंकेत जाण्याच्या ऑनलाइन परवानगीचा, अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच भरा, मधले दलाल जादा पैसे घेतात.

माहेरवाट (चोपडा)

आमचं फेब्रुवारीचं ठरवतो मग. आधी तोरणमाळ. सातपुडा_प्रेमी दादा, हिवाळ्यात एखादा शनिवार ठरवलात तर आम्ही तिघी येऊ. गाडी आमची.

सातपुडा_प्रेमी (शहादा)

या ताई. शुक्रवारी संध्याकाळी शहाद्यात मुक्काम करा, पहाटे निघू. हेल्मेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे नसतील तर मी खाली उतरू देणार नाही, आधीच सांगतो.

चेनलिंक (धुळे)

तिघींच्या सायकलींचं मॉडेल आणि साल मला इथंच कळवा. हँगर मागवायला तीन-चार आठवडे लागतात, आणि पॅड बदलायचे असतील तर तोरणमाळच्या आधी बदलून द्या, नंतर नाही. नवीन पॅडला पंचवीस-तीस वेळा वेग घेऊन ब्रेक मारून बसवावं लागतं, तोवर ते पूर्ण धरत नाहीत.